इंजिनाचं तोंड पिवळंच हवं

२ सप्टेंबर

चिरंजीवास,

आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. तुझी काकू बरी आहे, तिचा स्वभाव सोडून. छप्पर यंदा गळलं नाही. घरची हकीकत संपली, आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो.

आपली रेल्वे विकली गेली. हे तुला आमच्याआधी ठाऊक होतं हे मला परवा कळलं, त्यावर पुढे येतोच. अठरा इंजिनं, दोन शेड, एक कारखाना आणि आम्ही चारशे माणसं, सगळं एका सहीने नव्या मालकांकडे गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या आवारात खुर्च्या मांडून सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं की तुमचं काहीही बदलणार नाही. दुसऱ्या दिवशी रंगाचं पुस्तक आलं.

एकशे बारा पानं. कागद इतका गुळगुळीत की रंगाच्या हातांनी धरलं तर निसटतं. आम्ही त्याला पोथी म्हणतो, आणि ते घेऊन जो तरुण साहेब आला त्याला पोथीसाहेब. माणूस वाईट नाही, पण त्याने आयुष्यात इंजिन पाहिलं ते फलाटावरूनच. आल्या आल्या मला विचारलं, एक इंजिन रंगवायला किती तास लागतात? मी म्हटलं, साहेब, दिवस विचारा. जुना रंग घासायचा, पोचे पुट्टीने भरायचे, अस्तर द्यायचं, ते वाळू द्यायचं, मग रंगाचा पहिला हात, तोही वाळू द्यायचा, मग दुसरा. अकरा दिवस. त्याने वहीत अकरा लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

हिरवं अंग, सायीच्या रंगाच्या खिडक्या आणि पिवळं तोंड, ही आपली इंजिनं. लांबून कोणीही ओळखावीत अशी. आता सगळं राखाडी. पण पोथीत त्याला राखाडी म्हणायची सोय नाही. त्याचं नाव ‘पहाटेचं धुकं’. डब्यांवरसुद्धा तेच छापून आलंय. आमचा बुटका रंगारी तुला आठवत असेल, तो शिडीवर चढून खाली हाक देतो, अर्धा डबा धुकं पाठवा. सगळे हसतात. मलाही हसू येतं आणि मग डोकं फिरतं, कारण ब्रेकचा तांबडा भुगा उडून हे धुकं चार दिवसांत गंजल्यासारखं दिसणार आहे, आणि ते पुसायचं कोणी हे एकशे बारा पानांत कुठेही लिहिलेलं नाही.

अंगावर एक नारिंगी रेघ. तीही सरळ नको, बरोबर चौदा अंशांत तिरकी. जिथून ती जायची तिथे आपल्या इंजिनाला हवा घ्यायच्या जाळ्या आहेत, धरायचा दांडा आहे, पायरी आहे. कोनमापक घेऊन मी, या वयात, जाळीसमोर उकिडवा बसलो होतो. उठायला दोघांना बोलवावं लागलं.

आणि तो पक्षी, नव्या मालकांचं चिन्ह. इंजिनाच्या नाकावर मीटरभर स्टिकर, नाकापेक्षा मोती जड. पोथीतलं इंजिन दुसऱ्याच जातीचं आहे, त्याचा दिवा वर कपाळाला. आपल्याचा दिवा नाकाच्या मधोमध. म्हणजे स्टिकरला भोक पाडायला हवं, आणि ते भोक येतं नेमकं पक्ष्याच्या डोक्यावर. ड्रायव्हर लोक आत्तापासूनच त्याला कोंबडी म्हणायला लागलेत. मी पोथीसाहेबाला जागेवर नेऊन दाखवलं. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्ये तर बसतो. मी म्हटलं, मग ड्रॉइंगच चालवा रुळावर.

दोन आठवडे मी हे पुस्तक करणाऱ्याचा उद्धार करत होतो, अगदी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. परवा जेवणाच्या सुट्टीत बुटका पोथीचं शेवटचं पान उघडून बसला होता. तिथे बारीक अक्षरांत चार नावं आहेत. त्याने नुसतं बोट ठेवलं. दुसरं नाव तुझं. मी बोललेलं काहीही परत घेत नाही. पण बापाला एका ओळीने कळवलं असतंस तर शिव्या जरा बेताने दिल्या असत्या. नऊ वर्षांत तुझी चार पत्रं आली, त्यातली दोन काकूला. तेवढ्यात पाचवं बसलं असतं.

असो. पट्टा तिरका मार, पक्षी बिनडोक्याचा चिकटव, मी सहन करीन. पण चाळिसाव्या पानावर तुम्ही इंजिनाचं तोंडही त्याच धुक्याच्या रंगाचं दाखवलंय. ते चालणार नाही. तोंड पिवळंच हवं. चोवीस वर्षं ते पिवळं आहे, ते पिवळं करून घ्यायला मी तीन साहेबांच्या दारात बसलोय. डिसेंबरात इथे काय धुकं पडतं हे तुला सांगायला नको, आणि त्या धुक्यात रुळावर माणसं काम करत असतात. कारणं विचारू नकोस. तू एक पान बदल, एवढंच मागणं आहे.

कळावे. रागाने लिहिलंय, पण मला विनंती करायची झाली तर आधी रागवावं लागतं, हे तू जाणतोस.

तुझा
अप्पा
(प्रमुख रंगारी, अजून सात महिने)


१९ ऑक्टोबर

चिरंजीवास,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. टाईप केलेलं. बापाला टाईप केलेलं पत्र पाठवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. काकूने पाकीट हातात घेऊन विचारलं, सरकारी आहे का? मी म्हटलं, तसंच समज.

तू लिहितोस की समोरचा दिवा आता दुप्पट उजेडाचा बसवणार आहेत, त्यामुळे पिवळ्या रंगाची गरज उरलेली नाही. लिहितोस की तोंड वेगळ्या रंगाचं केलं की इंजिनाचा चेहरा तुटतो. बेटा, इंजिनाला चेहरा तुम्ही लोकांनी दिलात, आम्ही त्याला तोंडच म्हणत होतो. पुढे लिहितोस की मी माझ्या जुन्या पिवळ्यात अडकलोय, हे स्वाभाविक आहे, आणि कामाच्या गोष्टी कृपया घरच्या पत्त्यावर लिहू नयेत. कृपया. हा शब्द तू घरात असताना एकदाही ऐकला नव्हता.

आणि मग शेवटची ओळ. ‘शिवाय अप्पा, जो माणूस रुळावर उभा राहून मागे वळून बघत नाही त्याला कुठलाच रंग वाचवू शकत नाही. हे काकाबद्दल तुम्हीच म्हणायचात.’

वाचली. तिच्यावर नंतर लिहितो.

इकडे तीन इंजिनं झाली. पहिलं चौदा नंबर. त्याचा सोहळा झाला, पडदा वगैरे लावला होता, मोठे मालक आले होते. पडदा ओढला तर तो आरशाच्या दांड्यात अडकला आणि अर्ध्या इंजिनाचंच अनावरण झालं. टाळ्या पूर्ण वाजल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नऊही भरले नाहीत. सहाव्या दिवशी इंजिन धुवायला आलं आणि पाण्याच्या मारासरशी पक्ष्याचा डावा पंख सुटला. आता तो वाऱ्यावर फडफडतो. पोथीसाहेबाला कोणीतरी सांगितलं की साहेब, आता खरा उडायला लागला. तो बिचारा हसलासुद्धा. मग हळूच मला विचारलं, गोंदाने बसेल का? मला त्याची दया येते हल्ली. उंटावरून शेळ्या हाकणारे लांब बसलेत आणि ओरडा खायला याला इथे ठेवलंय.

दुसरं इंजिन गेलं त्या दिवशी पुढच्या स्टेशनच्या मास्तरांचा फोन आला. म्हणाले, रंगारी, घाई झाली का, इंजिन अस्तरातच पाठवलंत? चेष्टाच होती ती. इतर लोक हसले. मी फोन ठेवला आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बराच वेळ उभा राहिलो. बुटक्याने येऊन विचारलं, बरं वाटत नाही का? मी त्याच्यावरच खेकसलो.

तू विचारशील, एवढा विरोध आहे तर सह्या का करता? प्रत्येक इंजिन बाहेर पडताना रजिस्टरात ‘काम पूर्ण’ असं लिहून मी सही करतो, त्याशिवाय ते हलत नाही. तिन्हींना केली. कारण सात महिन्यांचे आता साडेपाच राहिलेत, आणि या घराला माझ्याशिवाय कमावतं कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर भांडायला तोंड लागतं ते माझ्याकडे नाही. म्हणजे आहे, आवाज आहे, तो तू भरपूर ऐकलायस. पण ऐन वेळी मी मूग गिळून बसतो. ही माझी जुनी खोड आहे.

आता काकाचं. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षं रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता. धुक्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता सहा नंबरच्या इंजिनाने त्याला उडवलं, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. चौकशी झाली, त्याने मागे वळून पाहिलं नाही असं लिहिलं गेलं. त्यानंतर मी पिवळ्या तोंडासाठी हट्ट धरला. लोक म्हणाले भावाच्या दुःखाने धरला. तुला एवढं माहीत आहे आणि एवढं पुरेसं आहे. त्याचं नाव या भांडणात आणू नकोस.

पण ते पान बदल. चौथं इंजिन नऊ नंबर, ते पुढच्या आठवड्यात बाहेर पडेल. दीड महिन्यात धुकं सुरू होईल. मला पत्र टाईप करून पाठव, नको पाठवूस, पण पान बदल.

काकू विचारते, जेवतोस का वेळेवर?

तुझा
अप्पा


३० नोव्हेंबर

चिरंजीवास,

आज कुशल लिहीत नाही. पत्र लांब आहे, बसून वाच.

मागच्या गुरुवारी धुकं पडलं, दहा दिवस लवकर. पुलापलीकडच्या वळणावर टोळीतली अकरा माणसं रूळ सरळ करत होती. पहाऱ्याचा माणूस झेंडा घेऊन, शिट्टी तोंडात धरून बाजूला उभा होता आणि डोळे फाडून बघत होता, कारण त्याचं कामच ते. नऊ नंबर आलं. दिवा चालू होता, तुमचा दुप्पट उजेडाचा. त्याने काय होतं ते तुमच्या ड्रॉइंगमध्ये कळत नाही म्हणून सांगतो. धुक्यात अख्खी हवाच पांढरी होते. उजेड आहे हे दिसतं, तो शंभर पावलांवर आहे की हजार, हे कळत नाही. त्यासाठी त्या उजेडाभोवती काहीतरी रंगाचं दिसावं लागतं. नऊ नंबरची कड दिसली तेव्हा ते साठ पावलांवर होतं. शिट्टी वाजली, दहा जण उड्या मारून सुटले. अकरावी एक बाई आहे, दोन मुलींची आई, ती उतारावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तेवढ्यावर भागलं.

टोळीचा मुकादम दुपारी रंगशाळेत आला. त्याला तू ओळखत नाहीस, काकाच्या नंतरचा आहे. एरवी हा माणूस साधा नमस्कारसुद्धा ओरडून करतो. त्याने चाकाखाली वाकलेली लोखंडी पहार माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, “रंगारी, आम्ही बघत होतो. तुमचं इंजिन दिसलं नाही.”

रजिस्टरात सही माझी.

संध्याकाळपर्यंत वरून कागद आला. पोथीसाहेबाने तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. ‘पहाऱ्यावरील कामगाराचे पुरेसे लक्ष नव्हते’, असा मसुदा होता, आणि खाली मी लिहून द्यायचं होतं की इंजिनाचा रंग पुस्तकाप्रमाणे आहे. मी तो कागद दोनदा वाचला. असंच एक वाक्य मी एकदा समोर बसून लिहू दिलं होतं.

आता तुझ्या त्या ओळीवर लिहितो.

त्या काळी इंजिनांची तोंडं लाल असायची. सहा नंबर तोंड चेपून आमच्याकडे आलं होतं. पोचे काढले, पुट्टी भरली, अस्तर दिलं. अस्तर राखाडी असतं. तुमचं पहाटेचं धुकं आणि आमचं अस्तर मी पत्र्यावर शेजारी शेजारी लावून बघितलंय, वेगळं सांगता येत नाही. त्यावर लालचे दोन हात द्यायचे होते आणि संध्याकाळ झाली. तुझ्या शाळेत नाटक होतं. तू दारवान होतास, एकच वाक्य होतं तुला. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी येतो म्हणून कबूल केलं होतं. हे वाचून तुझ्या मनात जे येईल ते आत्ताच काढून टाक. नाटकाला जाणारे बाप काम उद्यावर टाकतात आणि तसं लिहून ठेवतात. मी तसं लिहिलं नाही.

रंगाऱ्यांची एक वाईट सवय असते. रंग वाळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून उद्या पुरं होणारं काम आजच रजिस्टरात पुरं लिहून टाकायचं. सकाळी लवकर येऊन हात मारला की लिहिलेलं खरं होतं. सगळेच करायचे, मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. मी लिहिलं, ‘लाल, दोन हात, काम पूर्ण.’ सही केली आणि नाटकाला आलो. तू वाक्य बरोबर म्हणालास.

इंजिन दुसऱ्या दिवशी दुपारी जायचं होतं. पण शेडमधलं एक इंजिन बंद पडलं, त्यांनी आमचं रजिस्टर पाहिलं, ‘पूर्ण’ वाचलं आणि सकाळी सहालाच सहा नंबर घेऊन गेले. मी साडेसहाला पोहोचलो तर जागा रिकामी. फोन भिंतीवर होता, माझ्यापासून चार पावलांवर. सिग्नलच्या केबिनला सांगायचं होतं की हे इंजिन परत पाठवा. पण मग विचारलं असतं की पूर्ण कसं लिहिलंत. मी म्हटलं, एक दिवस राखाडी फिरलं तर कोणाचं काय जातं? आणि चहा प्यायला गेलो.

बाकी तुला माहीत आहे असं तुला वाटतं. दिवसा दिवा लावायचा नियम तेव्हा नव्हता. तुझा काका वळणावर एकटा बोल्ट तपासत होता, आणि धुक्यातून धुक्याच्याच रंगाचं इंजिन आलं.

तू लहानपणी एक प्रश्न फार विचारायचास. काकाला घरी आणलं तेव्हा अप्पा कुठे होते? मी तुला सांगायचो की मी दवाखान्यात कागदपत्रं करत होतो. मी रंगशाळेत होतो. ते इंजिन धुऊन माझ्याकडेच आलं होतं आणि चौकशीवाले दुसऱ्या दिवशी यायचे होते. माझा भाऊ घरी अंगणात होता, आणि मी दार लावून त्या इंजिनाच्या तोंडाला लालचे दोन हात देत होतो.

ड्रायव्हरने चौकशीत सांगितलं की इंजिन राखाडी होतं. रजिस्टर काढलं, त्यात लाल. इंजिन बघितलं, तेही लाल. ड्रायव्हरचा भास ठरला आणि सगळं खापर फुटलं मेलेल्या माणसावर. ‘कामगाराने मागे वळून पाहिले नाही, स्वतःचा निष्काळजीपणा.’ मी समोर बसलो होतो. मला विचारलं, काही सांगायचं आहे? मी नाही म्हटलं.

बरं, तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. मी ते वाक्य घरी आणलं. तू नळ चालू ठेवलास, काकावर गेलास. छत्री हरवलीस, काकावर गेलास. गणितात हातचा विसरलास, काकावर गेलास. तुझा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव होता आणि त्याला वेंधळा ठरवल्याशिवाय मला तुझ्यासमोर बसता येत नव्हतं. प्रत्येक वेळी म्हटलं की मला ते थोडं जास्त खरं वाटायचं. ज्या दिवशी तू बॅग घेऊन निघालास त्या दिवशीही मी दारातून हेच ओरडलो. आता तू तेच मला टाईप करून पाठवलंस, तर राग तुझा कसा करू? माल माझाच आहे.

तुझा काका बेफिकीर नव्हता. सोळा वर्षांत त्याने एक पाना हरवला नाही. त्याने वळून पाहिलं असेल. दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं, कारण ते मी रंगवलेलं नव्हतं.

आता पुढचं. शुक्रवारी मी बुटक्याला घेऊन नऊ नंबर आणि चौदा नंबरचं तोंड पिवळं केलं, पक्ष्यासकट. पोथीसाहेब म्हणाला, काका, असं करू नका, मला वर सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगा. त्याने सांगितलं. शनिवारी मला घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. काल त्यांनी बाहेरून माणसं आणून दोन्ही तोंडं परत राखाडी केली. ना घासलं, ना वाळू दिलं. अस्तराला अस्तराचंच अस्तर.

म्हणून मी रेल्वे सुरक्षा अधिकाऱ्यांना जबाब लिहिलाय. गुरुवारचं सगळं, आणि चोवीस वर्षांपूर्वीचं सगळं, तारखेसकट, सहीसकट. त्याची एक प्रत यात आहे. ही प्रत तुझ्या कंपनीत टेबलावर ठेव. म्हण की हा माणूस माझा बाप आहे आणि या रंगाने काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तुझी नोकरी त्याने अवघड होईल हे मला कळतं. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होऊ दे. टोळी रोज सकाळी सहाला त्या वळणावर जाते. पुढचं धुकं कधी पडेल ते मला सांगता येत नाही, तुलाही नाही.

हे जगाला कळण्याआधी काकूला कळायला हवं होतं. काल दुपारी तिला समोर बसवून जबाब वाचून दाखवला. मला वाटलं ती रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल, आणि दोन्हींची मी तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे ह्यांनी बघितलं होतं.”

मी म्हटलं, हो.

त्यानंतर ती उठली आणि कामाला लागली. संध्याकाळी माझं ताट वाढलं, पण मला हाक मारली नाही. चोवीस वर्षं ती एका छपराखाली माझं रांधते, तुला तिने वाढवलं, आणि इतकी वर्षं शेजारीपाजारी कोणी विषय काढला की तीच सांगायची, हे जरा घाईत असायचे हो. नवऱ्याच्या वतीने ती माफी मागत होती आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

आज सकाळी पत्र टाकायला निघालो, तर तिने दोन्ही पाकिटं माझ्या हातून काढून घेतली. म्हणाली, “मी टाकते भावजी. तुम्ही टाकलं म्हणून सांगाल आणि ती खिशातच राहतील.”

बरोबर बोलली. म्हणून पत्र परत उघडून एवढं लिहिलं आणि कागद तिच्याकडे देतोय. तिलाही खाली चार ओळी लिहायच्या आहेत. मी त्या वाचणार नाही.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या काकाचा थोरला भाऊ


बाळा,

अप्पांनी लिहिलेलं सगळं वाचून घेतलं आहे. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी माझ्या वेळेने बोलेन, तू त्यात पडू नकोस.

तुझे काका रोज कामाला निघाले की कोपऱ्यापर्यंत दोनदा तरी मागे वळून बघायचे, मी दारात आहे का म्हणून. त्या दिवशीही बघितलं. चौकशीवाले घरी आले होते तेव्हा मी त्यांना सांगितलं, हा माणूस वळून बघणारा आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

तू लिहून घे.

काकू